चमचाभर विरजण

फुकट मिळणाऱ्या वस्तूला मराठी मध्यमवर्गीय माणूस जितका भितो, तितका तो वाघालाही भीत नसेल. वाघाचे निदान एक बरे असते. त्याला आपल्याकडून काय हवे आहे, हे पहिल्या क्षणीच स्पष्ट होते. फुकट वस्तू देणाऱ्याचे तसे नाही. तो हसतमुख असतो, 'राहू द्या हो, त्यात काय एवढं!' म्हणतो, आणि आपण घरी येऊन रात्रभर कूस बदलीत विचार करतो, की याला नेमके पाहिजे तरी काय?

ही भीती वाढवायला मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्याने बराच हातभार लावला आहे. मी बँकेत कारकून आहे. पूर्वी बँकेत कोणी कोणाला 'बसा' म्हणत नसे. गिऱ्हाइकासाठी खुर्चीच नसायची, त्यामुळे तो प्रश्न परस्पर मिटलेला होता. आता खुर्ची आली, पंखा आला, पाण्याचा जार आला. पण 'बसा काका, पाणी घेता?' एवढे शब्द उच्चारले, की काकांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर जातो. पाण्यामागून चहा येतो आणि चहामागून विम्याची पॉलिसी, हे त्यांना अनुभवाने पाठ झालेले असते. गेल्या मार्चमध्ये एक आजोबा जिना चढून धापा टाकीत आले. मला खरोखरच दया आली, म्हणून मी पेला भरून पुढे केला. आजोबा पेल्याला हात न लावता म्हणाले, "माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. मला विमा मिळत नाही. आधीच सांगितलेलं बरं!"

तेव्हा प्रश्न असा, की मनात काही धरून केलेला चांगुलपणा हा चांगुलपणा असतो का? आणि मनात धरलेली गोष्ट पॉलिसी नसून परमेश्वर असेल तर? पहिला प्रश्न मला नोकरीने दिला. दुसरा आमच्या शेजाऱ्यांनी.

सहा वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक जोडपे राहायला आले. मास्तर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या सौभाग्यवती निवृत्त परिचारिका, त्यामुळे सगळी सोसायटी त्यांना 'सिस्टर' म्हणते. मूळचे नगरकडचे. नगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण मास्तरांच्या तोंडून अजून नगरच निघते. धर्माने ख्रिस्ती, आणि तेही चार पिढ्यांचे.

आता ख्रिस्ती माणसाबद्दलचे आमच्या सोसायटीचे सगळे ज्ञान हिंदी सिनेमातून आलेले. म्हणजे बाई झग्यात, बाप्याच्या हातात पेला, आणि दोघांच्याही तोंडी 'हम बोला, तुम सुना.' प्रत्यक्षात मास्तर लेंगा-सदऱ्यात, सिस्टर सहावारीत, आणि भाषा आमच्यापेक्षा चोख. 'उपासना', 'कृपा', 'शुभवर्तमान' असे शब्द ते इतक्या सहज बोलतात, की आमच्या चिरंजीवांना कितीतरी दिवस ते संस्कृतचे मास्तर वाटत होते. फोनवर मात्र नगरच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे 'सलाम' म्हणतात. ते जिन्यात कानावर पडल्यापासून आमच्या सेक्रेटरींचा जो गोंधळ उडाला आहे, तो अजून निस्तरलेला नाही.

पहिल्या नाताळाला सिस्टरांकडून ताट आले. वर क्रोशाचा रुमाल. आमच्या आईने तो दोन बोटांनी उचलला. खाली करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि एका कोपऱ्यात संकोचून बसलेला केकचा तुकडा.

"अगं बाई, हा तर आपलाच फराळ!" आई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता की निराशा, हे मला सांगता येणार नाही. एवढा परधर्म दारात यावा आणि त्यात ओल्या नारळाची करंजी निघावी!

आता भांडे रिकामे परत करायचे नाही, हा आपल्याकडचा नियम. वाटीभर आमटी आली, तर वाटीभर कोशिंबीर गेली पाहिजे. आमच्या हिच्या डोक्यात या वाट्यांचे जे लेजर आहे, ते आमच्या बँकेच्या संगणकापेक्षा भरवशाचे आहे. ते कधी 'डाउन' होत नाही. संक्रांतीला समोर गुळाच्या पोळ्या गेल्या. गुड फ्रायडेनंतरच्या रविवारी तिकडून काहीतरी गोड आले. जमा-नावे सुरू झाले.

एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात थांबवले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "जपून हं. आज करंजी आलीय, उद्या पुस्तक येईल."

सेक्रेटरींना हसणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. दुष्काळात अन्न, आजारात औषध आणि पाठोपाठ धर्म, असा आरोप आपल्या देशात दीडदोनशे वर्षे होत आला आहे, आणि सगळ्याच ठिकाणी तो खोटा होता, असे कोणी शपथेवर सांगणार नाही. त्यामुळे मीही पुस्तकाची वाट पाहू लागलो. काय बोलायचे, याची मनात तयारी केली. 'सर्व धर्म शेवटी एकच' हे वाक्य तर घासूनपुसून दारामागे तयार ठेवले होते. पण पुस्तक येईना. पहिले वर्ष गेले, दुसरे गेले. वाट्या येत, ताटे येत, पाण्याची मोटर बिघडली तेव्हा बादल्या आल्या. पुस्तक काही येईना. शेवटी वाट पाहून पाहून मीच कंटाळलो.

एका रविवारी मास्तर उपासनेहून परत आले, तेव्हा मी त्यांना गॅलरीत गाठले आणि सरळच विचारले, "मास्तर, आपला धर्म दुसऱ्याला सांगणं हे तुमच्यात कर्तव्य आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

"मग आमचा नंबर कधी?"

मास्तर इतके हसले, की त्यांची कवळी हलली. म्हणाले, "अहो, विचारायच्या आधीच उत्तर देणारा मुलगा मला वर्गातसुद्धा आवडत नसे. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगून ठेवलंय, की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते सौम्यपणे द्या. लोक 'तयार ठेवा' एवढंच वाचतात. 'कोणी विचारलं तर' याच्यावरून त्यांची नजर घसरते."

"आणि कोणी विचारलंच नाही तर?"

"तर ती चूक न विचारणाऱ्याची नाही," मास्तर म्हणाले. "कोणाला विचारावंसं वाटेल असं आधी जगता आलं पाहिजे. उत्तर काय, माझं चाळीस वर्षं पाठ आहे. अडतं ते अलीकडेच."

मग जरा थांबून म्हणाले, "पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्हांला तो कळावा असं मला वाटतं. वाटत नाही म्हणालो, तर ते खोटं होईल."

या शेवटच्या वाक्याने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. म्हणजे हेतू होता! करंजीत नारळाबरोबर हेतूही होताच! मग आजवर खाल्लेल्या करंज्यांचे काय?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध फार तर लग्नाच्या आहेरात आलेल्या पुस्तकांपुरता. पण नफा-तोटा मला कळतो. त्या बाजूने विचार करू लागलो, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की निखळ निर्हेतुक माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपल्याला एखादी मिसळ आवडली, की आपण चार जणांना हाताला धरून तिथे नेतो. ज्याचा दमा होमिओपॅथीने बरा झाला, तो लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला साबुदाण्याच्या गोळ्या सुचवतो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या प्रचारापुढे तर कोणत्याही मिशनऱ्याने हात टेकावेत. जे आपल्याला लाभले, ते दुसऱ्यालाही लाभावे असे वाटणे हा माणसाचा स्वभावच आहे. उलट, जगातली सर्वांत मोठी ठेव आपल्याला सापडली आहे अशी एखाद्याची खात्री आहे, आणि ती शेजाऱ्याला मिळाली काय नि न मिळाली काय, त्याला सोयरसुतक नाही, तर त्या माणसाला चांगला शेजारी म्हणावे का?

तेव्हा इच्छेत दोष नाही. दोष अटीत आहे. बक्षीस आणि कर्ज यांतला फरक आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतो. दोन्हींत पैसे देतात, दोन्हींत देणारा हसतो. पण कर्जाच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत अटी असतात. चांगुलपणाच्या कागदावर अशी बारीक अक्षरे आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? त्याला एकच उपाय आहे. 'नाही' म्हणून बघावे.

तशी वेळ आली. तिसऱ्या नाताळाला मास्तरांनी आम्हां सर्वांना देवळात उपासनेला बोलावले. गाणी चांगली असतात, म्हणाले. मी म्हटले, "नको मास्तर. मला तिथं अवघडल्यासारखं होईल." मास्तर म्हणाले, "बरं." एवढेच. त्या 'बरं'मध्ये नाराजी दडली आहे का, ते मी कान टवकारून पाहिले. नव्हती. दुसऱ्या दिवशी ताट आले. करंज्या मोजायचा मोह मला आवरला नाही. दर वर्षीइतक्याच होत्या.

हा अटीचा प्रश्न आमच्या जिन्यापुरता नाही. पुण्यात यावरून एकदा मोठे वादळ उठले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. बालविधवांना आसरा आणि शिक्षण देणारी ती संस्था. रमाबाई स्वतः १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या. पण सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरलेले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाईंनी कोणाला धर्म शिकवला नाही. त्या आपल्या खोलीत आपली प्रार्थना करीत. फक्त खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. गवगवा झाला, वर्तमानपत्रे तापली, आणि १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले. बऱ्याच मुलींना त्यांच्या घरच्यांनी नेले.

या भांडणात कोणाचे बरोबर? मला दोन्ही बाजूंनी बोलता येते. रमाबाईंनी स्वतःच्या खोलीत देवाचे नाव घेताना दार का लावावे? लपवायला ती काय चोरी होती? दार उघडे ठेवणे हा फार तर प्रामाणिकपणा झाला. पण सल्लागारांची काळजीही खोटी नव्हती. जिला दुसरे छप्परच नाही, अशी दहाबारा वर्षांची मुलगी उघड्या दाराशी येऊन बसते, तेव्हा ती आपण होऊन आली, की जिचे अन्न खातो तिला बरे वाटावे म्हणून आली? हे त्या मुलीला तरी धड सांगता आले असते का? मला 'नको मास्तर' म्हणता आले, कारण म्हटल्यावर परत जायला चार पावलांवर माझा ब्लॉक होता, आणि त्याचे हप्ते फिटलेले होते. ज्याला 'नको' म्हणायची सोय नाही, त्याच्यापुढे वाटी धरणाऱ्याने आपल्या चांगुलपणाला दहापट जपले पाहिजे. दार उघडे असावे. पण आत यायला एक असेल, तर बाहेर जायला दोन असावीत.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट मला म्हणूनच आवडते. १८९३ साली, म्हणजे पुण्यात हे वादळ चालू असतानाच, टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. त्या काळी गोऱ्याच्या डब्यात नेटिव्ह शिरला, तर बहुधा त्याची वळकटी फलाटावर यायची. या माणसाने सरकून जागा दिली, आणि चक्क संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. उतरताना बायबलातला नवा करार हातात ठेवला. पुढे १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी कोण होता, हे त्यांना कधीच कळले नाही. म्हणजे सेक्रेटरींच्या भाषेत पुस्तक आलेच! पण ते देणाऱ्याने पत्ता घेतला नाही, पाठपुरावा केला नाही, आणि यशस्वी केस म्हणून वरच्या कार्यालयाला टिळकांचे नावही कळवले नाही. आमच्या बँकेत असा माणूस टार्गेटअभावी पहिल्याच वर्षी बदलीवर गेला असता.

आणि त्याच टिळकांच्या घरी लक्ष्मीबाई पाच वर्षे ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्याजवळ परत येऊन राहिल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या डोक्याने विचार करून. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे सांगायला नको, की त्या बाईंना कोणी ओढत नेणे शक्यच नव्हते.

आता आमच्या आईचे सांगतो. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण वय ब्याऐंशी. अंथरूण काही सुटेना. पाठीला जखमा होऊ लागल्या. सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. कूस बदलायची, पाठ पुसायची, जखम धुवायची, पट्टी करायची. त्यांचे शिक्षण मिरजेला झालेले. डॉक्टर वानलेस यांनी तिथले मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू केले, आणि सगळ्या दक्षिण महाराष्ट्रातून जातपात न बघता बैलगाड्या त्या दाराशी लागत. सिस्टरांचे हात त्या शाळेतले. आई कण्हायची ती फक्त मी कूस बदलली तर.

आमच्या हिच्यापुढे मात्र पेच पडला. हे कुठल्या वाटीत मोजायचे? तिने भीतभीत पैशांचे विचारले. सिस्टर म्हणाल्या, "पैसे नकोत वहिनी. संध्याकाळचा चहा मात्र हवा, आणि आलं घालून." हिला केवढे हायसे वाटले! त्या चहात ती किलोभर आले घालू लागली.

काम करताना सिस्टर काहीतरी गुणगुणत. आईने एकदा विचारले, "अभंग छान आहे गं. कोणाचा?"

"टिळकांचा."

"कोणते? केसरीवाले?"

"नाही आई, आमचे. ना. वा. टिळक. पण ते तुकोबांनाच मानायचे हं."

"मग हरकत नाही," आई म्हणाली. आईच्या दरबारात तुकोबांची चिठ्ठी असली, की कोणालाही प्रवेश होता.

आणि मग एका संध्याकाळी, मी दाराशीच उभा असताना, आईने विचारले, "सिस्टर, रागावू नकोस. हे सगळं तू का करतेस? मला बाटवायचं तर नाही ना तुझ्या मनात?"

जो प्रश्न विचारायला मला अडीच वर्षे आणि गॅलरीचा आडोसा लागला, तो आईने पट्टी होता होता विचारून टाकला.

"ह्या वयात तुम्हांला कोण बाटवणार?" सिस्टर हसल्या. "तुम्हीच माझ्या गळ्यात माळ घालाल!" मग पट्टीची गाठ मारून म्हणाल्या, "पण आई, खोटं नाही बोलत. मला ज्याचा आधार वाटतो, तो तुम्हांलाही भेटावा असं वाटतं. रोज वाटतं. पण पाठ पुसते ती पाठ दुखते म्हणून. दुसऱ्या कशासाठी नाही."

"मग उपकार कोणाचे मानू? तुझे, की तुझ्या येशूचे?"

"औषध लिहून देणारा तो, आई. मी नुसती सिस्टर."

आईने जरा विचार केला. म्हणाली, "बरं. माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर कर. पण मनातल्या मनात कर. मोठ्यानं केलीस तर मला झोप लागते. आणि आता ही उशी थोडी वर घे. पांडुरंग दिसत नाही."

समोरच्या भिंतीवर विठ्ठलाची तसबीर होती. सिस्टरांनी एक हात आईच्या मानेखाली घातला, दुसऱ्याने उशी वर सरकवली, आणि विचारले, "आता दिसतो?"

"दिसतो," आई म्हणाली.

धर्मप्रसाराविषयी मी पुढे बरेच काही वाचले, पण या दोन शब्दांपलीकडे मला अजून जाता आलेले नाही.

पुढच्या आषाढात आई गेली. अखेरपर्यंत हरिपाठ चालू होता. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटायची नव्हती. समोरून पिठले-भाताचे पातेले आले. गावाहून आलेल्या आत्याबाईंनी विचारले, "हे कोणाकडचं?" सांगितले. आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग ताट ओढून घेत म्हणाल्या, "वाढ. मीठ बेताचं आहे ना बघ." पहिल्या घासानंतर म्हणाल्या, "बेताचंच आहे." आमच्या घराण्यात याहून मोठे प्रशस्तिपत्र दिले जात नाही.

माझ्या बँकेच्या हिशोबाने खाते त्या दिवशी बंद झाले. जिची सेवा केली ती गेली. मी तर उपासनेला 'नको' म्हणून बसलेलो. वसुलीची काही आशाच उरली नव्हती. तेराव्यानंतरच्या आठवड्यात बेल वाजली. दारात शेवग्याच्या शेंगांच्या आमटीची वाटी घेऊन सिस्टर. "आईंना आवडायची ना," म्हणाल्या, "हात चालला नाही एकटीनं खायला."

लूकच्या शुभवर्तमानात येशूने जेवणावळीबद्दल एक सल्ला दिलेला मास्तरांनी मला एकदा दाखवला. मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना जेवायला बोलावू नका. ते उलट आमंत्रण देतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परतफेड करताच येणार नाही, त्यांना बोलवा. मी वाचून थक्क झालो. आपली सगळी लग्नकार्ये, आहेराच्या वह्या, आमच्या हिचे वाट्यांचे लेजर, सगळे एका झटक्यात निकालात! बँकेच्या दृष्टीने तर ही सरळसरळ बुडीत कर्जे, आणि तीही हौसेने वाटलेली. मी मास्तरांना तसे म्हटलेसुद्धा. मास्तर म्हणाले, "असेल. पण वसुलीच करायची नाही असं ठरवलं, की देणाऱ्याला झोप काय सुंदर लागते!"

मात्र नुसते देत राहणे यातही एक धोका आहे, तो कोणी बोलून दाखवत नाही. सतत देणारा माणूस हळूहळू उंच होत जातो आणि घेणारा बुटका. अशा उपकारकर्त्यांच्या शेजारात राहण्यापेक्षा वाघाच्या शेजारात राहिलेले बरे. मास्तर आणि सिस्टर आमच्या मानेवर कधी बसले नाहीत, याचे कारण शोधताना मला एकदम आठवले, की ते आमच्या दारात पहिल्यांदा आले ते काही द्यायला नव्हे. मागायला आले होते. सामानाची खोकी अजून जिन्यात होती. सिस्टर वाटी घेऊन उभ्या होत्या, आणि आईला म्हणाल्या होत्या, "चमचाभर विरजण मिळेल का?"

हे मी मास्तरांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट ऐकवली. येशू विहिरीवर थकून बसला आहे. जवळ पोहरासुद्धा नाही. पाण्याला आलेली बाई शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक जिच्या हातचे पाणी प्यायचे नाहीत अशी. तिला तो काय म्हणतो? उपदेश नाही, आशीर्वाद नाही. प्यायला पाणी मागतो. ती चकितच होते, की तुम्ही आमच्याकडे पाणी कसे मागता? तिथून पुढे बोलणे सुरू होते. पाण्यावरून माणसे तोडण्यात आपण मराठी लोक काही मागे नव्हतो, त्यामुळे या गोष्टीचे मोल आपल्याला कोणी वेगळे समजावून द्यायला नको. दुसऱ्याला मान द्यायचा, तर त्याच्याकडे काहीतरी मागावे. ज्याच्यापाशी मागण्यासारखे काही आहे असे आपल्याला वाटत नाही, त्याला आपण दान देऊ शकतो, विश्वास देऊ शकत नाही.

बायबलात पिठात कालवलेल्या खमिराचा दाखला आहे. थोडेसे खमीर, पण सगळे पीठ फुगते. आपल्या स्वयंपाकघरात तो दाखला विरजणाचा झाला असता. आपल्याकडे उत्साहावर विरजण पडते, ते सोडून द्या. दुधात पडते ते फार गुणी. आवाज करत नाही, घाई करत नाही. पथ्य एकच, भांडे सारखे हलवून 'लागलं का, लागलं का' असे बघायचे नाही. आणि कधीकधी नाही लागत. म्हणून कोणी शेजाऱ्याशी बोलणे सोडत नाही.

आमच्याकडचे विरजण त्या दिवसापासून मास्तरांच्या घरी आहे. मध्यंतरी आम्ही पंधरा दिवस गावी गेलो, तेव्हा आमचे वाया गेले. परत आल्यावर त्यांच्याकडूनच आणले. मग त्यांचे आंबले, तेव्हा आमच्याकडचे गेले. आता ते मूळचे कोणाचे, हे सांगणे आमच्या सेक्रेटरींनाही जमणार नाही. आणि हो, गेल्या महिन्यात तेही वाटी घेऊन समोरच्या दाराशी उभे असलेले मी पाहिले.